चार्जिंगला लावलेलं माहेर

आमचं घर डिझेलवर चालतं आणि गाडी विजेवर. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता सांगताना लाजही वाटत नाही. ऐकणारा आधी हसतो आणि मग म्हणतो, "काकू, उलटं म्हणायचंय ना तुम्हाला?" नाही हो बाबा. उलटं काही नाही, सगळं सरळ आहे. उलटं आहे ते आमच्या ह्यांचं डोकं, आणि ते या वयात आता कोण सरळ करणार?

आम्ही थेरगावचे. म्हणजे मूळचे सांगलीकडचे, पण ह्यांना चिंचवडला इंजिनाच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही डांगे चौकाजवळ फ्लॅट घेतला. लेक तिथंच वाढली. मी तिथंच ब्लाउज शिवायचे क्लास चालवले. ह्यांनी उभा जन्म डिझेल इंजिनं जोडली. घरी आले, आंघोळ केली, तरी अंगाचा डिझेलचा वास जायचा नाही. लग्नानंतर कित्येक महिने मला वाटायचं, पुरुषांना असाच वास येत असेल.

एवढा डिझेलचा माणूस, पण जावई मिळाला चाकणच्या बॅटरीच्या कंपनीतला. पहिल्या दिवाळसणाला दोघं फराळाची ताटं बाजूला सारून जे भांडायला बसले ते चकल्या मऊ पडेपर्यंत. इंजिनाचे दिवस संपले, असं जावई म्हणायचा आणि हे मान हलवायचे. शेवटी झालं काय, तर रिटायर झाल्यावर ह्यांनीच आमची जुनी डिझेल गाडी विकून इलेक्ट्रिक आणली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "शत्रू जरा जवळून बघतो."

शत्रूला खायला घालायचं कुठं, हा प्रश्न मात्र नंतर सुचला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट हवा म्हणून ह्यांनी अर्ज दिला आणि सोसायटीला एकदम काम मिळालं. चेअरमन म्हणाले, आग लागली तर? सेक्रेटरी म्हणाले, युनिट कोण मोजणार? तळमजल्यावरच्या आजोबांना वाटायचं की त्या वायरमुळे त्यांच्या टीव्हीवर मुंग्या येतील. वर्षभर मीटिंगा झाल्या, चहाबिस्किटं झाली. अखेर एका मीटिंगमध्ये दोन ठराव एकदम पास झाले. पहिला, चार्जिंग पॉइंटला मंजुरी. दुसरा, बिल्डिंग पाडून नवी बांधायला मंजुरी. ह्यांनी दोन्हीला हात वर केला.

बाकीचे शहाण्यासारखे भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. हे गेले कंपनीच्या जुन्या बसच्या लिलावाला. ज्या बसनं ह्यांनी वर्षानुवर्षं फर्स्ट शिफ्ट गाठली तीच बस. भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तिच्यातली बाकडी काढून पलंग बसवला, ओटा बसवला, मागं संडास-बाथरूम, छतावर सोलरच्या पाट्या. याला मोटरहोम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलाचं स्वतःचं घर आहे का. त्याला चाकं आहेत का, हे विचारायचं राहून गेलं.

बसला नवा पांढरा रंग दिला, पण खालची कंपनीची निळी पट्टी काही पूर्ण झाकली गेली नाही. त्यामुळे आम्ही रस्त्यानं निघालो की स्टॉपवरची माणसं हात करायची. हेही काही कमी नाहीत. सवयीनं पाय ब्रेकवर जायचा.

मी तयार झाले ती भारतभ्रमणाच्या लोभानं, हे कबूल करते. नवी बिल्डिंग होईपर्यंत आधी गोकर्ण, मग केरळ, मग कन्याकुमारी, अशा गप्पा होत्या. बस पुढं, मागं इलेक्ट्रिक गाडी ओढत न्यायची, मुक्कामाच्या गावात हिंडायला. आमचं भारतभ्रमण तळवडे ओलांडून, इंद्रायणीचा पूल ओलांडून, निघोज्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. कारण त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. आई, गोड बातमी आहे.

मग कसलं केरळ नि कसलं काय. लेक मोशीला राहते, तिच्यापासून लांब जायचंच नव्हतं. निघोज्याला ह्यांच्या बसमधल्या एका जुन्या सोबत्याची जागा होती. मी त्यांना भाऊजी म्हणते. गावचेच जुने शेतकरी, आता तिथं कंपन्यांसाठी लोखंडी ट्रॉल्या बनवायची शेड टाकलीय. ते म्हणाले, "वहिनी, जागा मोकळीच हाय. ऱ्हावा की हितं. आमाला बी सोबत." शेडच्या मागं, जिथून भंडाऱ्याचा डोंगर दिसतो, तिथं आमचं घर उभं राहिलं. पुढं ताडपत्रीची पडवी काढली, तुळशीची कुंडी ठेवली, कपड्यांची दोरी एका बाजूनं बसला आणि दुसऱ्या बाजूनं शेडच्या खांबाला बांधली. महिन्याभरात मला तिथं बरं वाटायला लागलं, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

गाडीचं मात्र रोजचं दुखणं. सोलरवर आमचा पंखा चालायचा, फ्रीज चालायचा, ऊन खुशीत असेल तर मिक्सरही चालायचा. पण गाडी चार्ज करायची म्हणजे त्या पाट्यांचं काम नव्हे. म्हणून शेडच्या बोर्डावरून लांब केबल ओढून चार्जर लावला. त्यातही गोम अशी की शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना गाडी लावली की अख्ख्या शेडचे दिवे मलूल व्हायचे आणि भाऊजींचे कामगार आमच्या दिशेनं बघायचे. मग ठरलं, वेल्डिंग बंद तेव्हा गाडी चालू. शेडला जेवणाची सुट्टी झाली की आमची गाडी जेवायला बसायची. कामगारांनी डबे बंद केले की तिचंही ताट उचलायचं. पोटभर जेवण तिला मिळायचं ते संध्याकाळी शेड सुटल्यावर.

आणि गुरुवारी उपास. आमच्या या पट्ट्यात गुरुवार म्हणजेच रविवार. लहानमोठ्या शेडांना सुट्टी गुरुवारी आणि वीजवाल्यांची दुरुस्तीही गुरुवारीच. म्हणजे बाहेर पडायचा दिवस तोच आणि गाडीला वीज न मिळायचा दिवसही तोच. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आम्हाला नाही वाटत. आम्ही लग्नाच्या तारखासुद्धा गुरुवार बघून काढलेली माणसं.

तर लेकीचे दिवस भरत आले आणि विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई लातूरच्या. बोलणं रोखठोक, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, विहीणबाई. पण तुमचं माहेर आज कुठं हाय आणि उद्या कुठं असंल, हे आम्ही कोणाला विचारायचं? पोरीला गाडीत ठेवायलात का काय?"

मला इतकं लागलं ते. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींच्या डोहाळजेवणाचे ब्लाउज शिवले मी. माझी एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण, आणि मला माहेर नाही म्हणून हिणवलं जातंय. ह्यांना म्हटलं, "बघा. बघा तुमच्या बसपायी काय ऐकायची वेळ आली." ह्यांना बोलायचं नसलं की हे स्पॅनर शोधायला लागतात.

लेक मात्र माझीच. तिनं सासूला सरळ सांगितलं, "अहो आई, मी माहेरीच जाणार." विहीणबाईंनी ऐकलं, पण अट घातली. थेरगावच्या ज्या डॉक्टरीणबाईंच्या हातून लेक जन्मली त्यांच्याकडेच तिचं नाव घातलं होतं, आणि निघोज्याहून थेरगाव काही जवळ नाही. तेव्हा दवाखान्यात न्यायला गाडी कायम दारात तयार पाहिजे. "येळंला गाडी न्हाई आली किंवा न्हाई चालली, तर मी काही ऐकून घेणार न्हाई. दवाखान्यातून पोरगी आणि लेकरू सरळ लातूरला नेणार. सवा महिना तिकडंच." हे त्या दोनदा म्हणाल्या. ह्यांनी फोन हातात घेऊन कंपनीच्या मॅनेजरशी बोलावं तसं सांगितलं, "गाडी शंभर टक्के तयार राहील."

शंभर टक्के! झालं. तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या गाडीच्या आकड्यावर. लेक राहायला आली. तिला खायला काय करायचं, तिची पाठ शेकायची, पाय चोळून द्यायचे, हे सगळं करताना मध्येच मी उठून बाहेर जायची आणि काचेतून आत बघायची. लेक हसायची. "आई, तू माझ्यापेक्षा त्या गाडीचंच जास्त करतेस." करणारच. तिचं माहेरपण त्या हिरव्या रेघेवर टांगलं होतं.

आता तो आठवडा सांगते. गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आम्ही लेकीला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. त्या म्हणाल्या, अजून दोन आठवडे सहज आहेत. मग आम्ही खुशीत पिंपरीच्या बाजारात झेंडू घ्यायला गेलो, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. येताना तळवड्याच्या चौकात अडकलो ते अडकलोच, लेकीला घाम फुटला म्हणून एसी पूर्ण चालू. घरी आलो तर गाडीचा आकडा पार तळाला. वीज संध्याकाळी आली, पण बोर्ड शेडच्या आत आणि शेडला कुलूप. भाऊजी किल्ली खिशात घालून देहूला सासुरवाडीला गेलेले. मी म्हटलं, "अहो, आकडा बघा." हे म्हणाले, "सकाळी शेड उघडली की पहिलं तेच करतो. डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

सकाळी शेड उघडली. पूजेच्या तोंडावर का होईना, ह्यांनी गाडीला पिनही लावली, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी खंडेनवमी होती.

ज्यानं मशीनवर पोट भरलंय त्याला खंडेनवमी काय असते ते सांगायला नको. वर्षभर ज्या लोखंडाला आपण शिव्या घालतो त्याच्या त्या दिवशी पाया पडायचं. शेड धुऊन काढली होती. वेल्डिंगची मशिनं, ग्राइंडर, हातोड्या, पाने, सगळं पाटावर मांडलेलं. मी माझं शिलाईमशीन आणि कात्री बसमधून आणून ठेवली. ह्यांनी बस धुतली, गाडी धुतली, टायरखाली लिंबं ठेवली. चार्जरला कापडानं पुसून घेतलं, त्याच्यावर स्वस्तिक काढलं, केबलला झेंडूची माळ घातली. लेकीनं हळदीकुंकू वाहिलं. भाऊजींनी नारळ फोडला, आरती झाली, पेढे वाटले.

मग भाऊजी ह्यांना म्हणाले, "तुमी थोरलं. मान तुमचा." आणि ह्यांनी पुढं होऊन, हात जोडून, शेडचा मेन स्विच खाली ओढला.

पूजा झाली की मशीन बंद. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कंपनीत तीस-पस्तीस वर्षं ह्यांनी हेच केलं. तो स्विच खाली आला, खट्ट आवाज झाला, की मिठाईचा पुडा घेऊन घरी. आमच्या घरात तर त्या आवाजावर सण सुरू व्हायचा.

आता गंमत बघा. त्या शेडमध्ये जन्मभर इंजिनं जोडलेला एक माणूस होता. स्वतःची शेड चालवणारा एक होता. आयटीत नोकरी करणारी लेक होती. आणि दिवसातून दहा वेळा गाडीचा आकडा बघणारी मी होते. स्विच खाली आल्याबरोबर चार्जरचा बारका हिरवा दिवा माझ्या डोळ्यांदेखत विझला. आणि मी, मी काय केलं? मी त्याला नमस्कार केला. मनात म्हटलं, दमला असेल बिचारा, घेऊ दे एक दिवस विसावा.

दुपारची जेवणं झाली. लेक पलंगावर आडवी झाली होती, मी ओटा आवरत होते. ती म्हणाली, "आई, पाठीत खूप दुखतंय." मी म्हटलं, सकाळपासून उभी होतीस, दुखणारच. मग थोड्या वेळानं ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आई, चादर ओली झालीय."

ह्यांना हाक मारली, ती निघोज्याच्या पार टोकाला ऐकू गेली असेल. हे धावत गाडीकडे गेले आणि तिथंच उभे राहिले.

"अहो, काढा ना गाडी! किती आकडा आहे?"

"आकडा नाही. कासव आलंय."

"काय आलंय?"

खरंच कासव होतं. बॅटरी अगदी संपत आली की ती गाडी काचेवर कासवाचं चित्र काढते, म्हणजे आता मी रांगेन फक्त. देवळात देवासमोर असतं तसं कासव, आणि वरून झेंडूची माळ. माझा संताप झाला. "जन्मभर इंजिनं जोडलीत आणि एक पिन जोडता आली नाही तुम्हाला?"

"पिन जोडलेलीच आहे," हे म्हणाले. आवाज पार खोल गेलेला. "लाईट नाही."

"गेली?"

"गेली नाही. मीच बंद केली."

भाऊजी अनवाणी पळत शेडमध्ये गेले. बोर्डासमोर क्षणभर थांबून कानाला हात लावले, देवाला म्हणाले, "चूक झाली, पदरात घे," आणि स्विच वर ढकलला. हिरवा दिवा लागला. त्याचा काय उपयोग? गाडीला पोट भरायला कित्येक तास लागणार, आणि इकडे लेकीच्या कळा वाढत चाललेल्या. मोबाईलवरून टॅक्सी बोलावली, ती दोनदा रद्द झाली. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले निघतो, पण सणाची गर्दी आहे, थोडा वेळ धरा. जावई चाकणहून निघाला होता आणि चाकणच्याच चौकात उभा होता. भाऊजींची जीप मुलगा घेऊन गेलेला. मी लेकीचा हात धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात, देवा मला माफ कर, विहीणबाईंचा आवाज घुमत होता. गाडी न्हाई चालली तर लातूर.

लेकीनं वरचा दांडा घट्ट धरला होता. बसमध्ये उभ्यानं जाणाऱ्यांना धरायला असतो तो दांडा, ह्यांनी काढला नव्हता. कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, घरच काढा ना."

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. कित्येक महिन्यांत ते घर हललं नव्हतं. आम्ही विसरूनच गेलो होतो की ते हलतं.

पुढचं काय सांगू? भाऊजींनी ताडपत्री उपसून फेकली, पाण्याचा पाइप ओढून काढला. तुळस त्यांच्या हातात दिली. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि किल्ली फिरवली, आणि ते इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. माझी लेक कळा देतेय, मी रडकुंडीला आलेय, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर सुख! मान वळवून मला म्हणाले, "आमच्या लाईनवरचं आहे हे."

"घर चालवा आधी!" मी ओरडले.

टायरखालची लिंबं फुटली आणि आम्ही निघालो. पहिल्या वळणाला डबे पडले, दुसऱ्याला साबुदाणा सांडला. कपड्यांची दोरी सोडायला कुणाला सुचलंच नाही. ती खांबाकडून तुटली आणि माझे परकर आणि ह्यांचे लेंगे बसच्या मागं फडफडत इंद्रायणीच्या पुलावरून निघाले. रस्त्यात प्रत्येक स्टॉपवर माणसं. पूजा करून कंपन्या लवकर सुटलेल्या, प्रत्येकाच्या हातात मिठाईचा पुडा, आणि निळी पट्टी दिसली की सगळ्यांचे हात वर.

तळवड्याच्या चौकात आम्ही थांबलोच. पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि लेकीनं माझा दंड असा आवळला की नखं रुतली. तेवढ्यात पुढचं दार उघडून दोन कामगार वर चढले. सवयीनंच. एक जण म्हणाला, "बरं झालं राव, आज बस लवकर आली," आणि त्यानं बसायला जागा शोधायला म्हणून आत बघितलं. समोर गॅस, फ्रीज, शिलाईमशीन, आणि पलंगावर अडलेली बाई.

"आयला," तो म्हणाला. मग हात जोडून, "चुकलं काकू." मग सोबत्याला म्हणाला, "भावा, उतर खाली. रस्ता मोकळा करू."

ते दोघं उतरले आणि बसच्या पुढं चालत सुटले, गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत. आधी ओरडत होते, "बाई अडलीय, बाजूला घ्या!" कुणी ढिम्म हललं नाही. मग त्यातला एक ओरडला, "कंपनीची बस हाय, शिफ्टला उशीर होतोय, बाजूला घ्या राव!" आणि खरं सांगते, रस्ता मोकळा झाला. हवालदारानंसुद्धा शिट्टी मारून आम्हाला पुढं काढलं. आमच्या गावात माणूस जन्माला यायला उशीर झाला तर चालतो, शिफ्टला होऊन चालत नाही.

दवाखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "स्टाफची बस मागच्या गेटला." मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. लेक माझ्या खांद्याला धरून चालत आत गेली. दिवस मावळायच्या आत मला नात झाली. लहानशी, लालबुंद, आणि आवाज थेट लातूरच्या आजीचा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, विहीणबाई आल्या. नातीला मांडीवर घेतलं, तिच्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "गाडी चालली न्हाई म्हणं." जावयानं सांगितलं असणार. शब्द दिला होता, मोडला होता. घरी सोडायच्या दिवशी विहीणबाईंनी सांगून ठेवलेली मोठी गाडी दवाखान्यासमोर येऊन उभी राहिली, लातूरच्या दिशेला तोंड करून. त्यात त्यांच्या पिशव्या, डिंकाच्या लाडवांचे डबे, बाळाचं अंथरूण. आमची इलेक्ट्रिक गाडी जावई घेऊन आला होता, तीही तिथंच उभी होती. शंभर टक्के भरलेली. आता तिला कुठंही जायचं नव्हतं.

मला इतकं भरून आलं की लेकीकडे बघवेना. पण लेक पायरी उतरली आणि सासूला म्हणाली, "अहो आई, लातूरला निघायच्या आधी माहेरी जाऊन येते. पाच मिनिटं. इथं कोपऱ्यावरच आहे."

विहीणबाईंना कळेना. मलाही आधी कळेना. मग आम्ही सगळ्या तिच्या मागं दोन वळणं चालत गेलो.

खंडेनवमीच्या दिवशी वॉचमननं दवाखान्यासमोरून हाकलल्यावर ह्यांनी बस फिरवली होती आणि जुन्या सवयीनं थेट आमच्या सोसायटीपाशी नेली होती. आमच्या बिल्डिंगच्या जागी पत्र्याचं कुंपण, पण जुनं गेट आणि गेटजवळचा कडुनिंब अजून होता. बिल्डरच्या वॉचमनला ह्यांनी सांगितलं, मी इथलाच फ्लॅटवाला आहे. ते काही खोटं नव्हतं. बस तिथं उभी होती. नव्या ताडपत्रीची पडवी उभी केलेली. दोरी कडुनिंबाला बांधलेली आणि तिच्यावर बाळाची धुतलेली दुपटी. दाराला झेंडूचं तोरण. आत, त्या वरच्या दांड्याला, माझ्याच जुन्या साडीचा पाळणा. हे सगळं मला न सांगता ह्यांनी एकट्यानं केलं होतं. हे दारात उभे, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या.

लेक गेटपाशी थांबली. "आई, इथं आपला जिना होता ना?" म्हणाली. मी मान हलवली.

मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि ती बाळाला घेऊन आत चढली. मागून विहीणबाई आल्या. बसच्या पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या, नीट जोडीनं बाजूला ठेवल्या आणि मग चढल्या. पलंगाच्या कडेला बसल्या, पाळण्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. मी चहा ठेवला, तोंड लपवायला.

"गाडी का न्हाई चालली?" त्यांनी विचारलं.

सांगितलं सगळं. खंडेनवमी, पूजा, मेन स्विच, कासव. मी चार्जरला केलेला नमस्कारसुद्धा सांगितला, आता काय लपवायचं. म्हटलं, आता ह्या हसतील तरी नाही तर ओरडतील तरी. त्यांनी हात लांब करून नातीला मांडीवर घेतलं.

"मला बी पहिल्या खेपेला माहेरी जायचं हुतं," त्या म्हणाल्या. तो मोठा आवाज नव्हता. "बाप म्हणला, जीप पाठवतो. मी बोचकं बांधून दारात बसले. दोन दिस बसले. जीप आलीच न्हाई. सासरीच बाळंत झाले मी, न्हाणीघरात." त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "म्हणून म्हणलं हुतं मी, दारात गाडी पाहिजे. तुमची बी आली न्हाई गाडी, विहीणबाई. पण तुमचं तर घरच निघालं."

मग त्यांनी खिडकी सरकवली, बाहेर उभ्या असलेल्या जावयाला हाक मारली आणि लातूरच्या गाडीतल्या पिशव्या इकडं आणायला सांगितल्या.